जिवंत लस

राजारामच्या बाबतीत जे घडलं त्यातला अर्धा दोष माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं वाचताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

मी मानसिंग. सैन्यात मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निवृत्त झालो तो हवालदार म्हणून, पण आमच्या गावात सैन्यातनं आलेला प्रत्येक माणूस सुभेदारच असतो, तसा मीही झालो. गाव इस्लामपूरपासून अकरा किलोमीटर. एसटीच्या थांब्यासमोर आमचं औषधांचं दुकान आहे. परवाना सुनेचा, संयोगिताचा. शिक्षण तिचं आणि तोरा माझा. ती आत औषधं लावते, मी बाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरतो.

राजाराम म्हणजे आमच्या गावाचा गुरांचा डॉक्टर. डॉक्टर म्हणायचं एवढंच. त्यानं दोन वर्षांची पदविका केलेली. लस टोचणं, गाय भरवणं, अडलेलं वासरू सोडवणं ही त्याची कामं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण गप्पांना बरोबरीचा. रोज सकाळी फेरीवर निघायच्या आधी दुकानासमोर मोटारसायकल लावून माझ्याकडून पेपर हिसकावून घ्यायचा.

त्याचा आजा कोंडीबा. गावातली मेलेली जनावरं ओढायचं काम त्याच्या वाट्याला होतं. छप्पन साली धम्म घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं ते काम सोडलं. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं, विहीर तर आधीपासूनच बंद होती. माणूस वाकला नाही. मुलगा साखर कारखान्यात लागला, आणि नातू पुन्हा जनावरांकडेच आला. "आज्यानं मेल्याली सोडली, म्या जिती धरली," असं राजाराम हसत सांगायचा, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नसायचं. कोंडीबाला ज्या गोठ्यांच्या बाहेर उभं राहावं लागे, त्याच गोठ्यांत राजाराम आत जायचा, शर्ट काढून खांद्यापर्यंत हात घालायचा, वासरू ओढून बाहेर काढायचा, आणि मग त्याच घरात आत बसून कपबशीतनं चहा प्यायचा. त्या चहासाठी तो बारा गावं फिरला असता. हे मला माहीत होतं, म्हणून सांगतो. पुढं त्यानं जे लपवलं ते या चहासाठीच लपवलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. सरकारी लसीकरण चालू होतं. गायींची वासरं पोटातच मरून पडतात, त्या रोगाची लस. ब्रुसेला म्हणतात त्या जंतूला. ती फक्त लहान कालवडींना टोचतात. एका कालवडीनं लाथ झाडली आणि भरलेल्या सिरिंजची सुई राजारामच्या डाव्या अंगठ्यात गेली. थोडी लस आतही गेली. तो अंगठा दाबत माझ्या दुकानात आला.

मी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. आणि बोललो, "चला, तुला पण लस झाली रं गड्या! आता गायीचा रोग तुजं काय वाकडं करतोय?"

दोघंही खो खो हसलो.

संयोगिता आतून बाहेर आली. "मामंजी, जनावरांची लस आहे ती. कुणाला तरी विचारून घ्यावं का? त्यात जंतू जिवंत असतात म्हणे."

"अठरा वर्षं सुया टोचल्यात म्या," मी तिच्यावर खेकसलो. "लस म्हंजे लस. तू बिलं बघ."

ती आत गेली. अठरा वर्षं मी टोचलं ते दुसऱ्यानं सांगितलं म्हणून टोचलं. कुठल्या कुपीत काय आहे, ते जिवंत की मेलेलं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पण सुनेसमोर हे कबूल करायला जीभ वळायला हवी ना.

राजारामनं माझं ते बोलणं गंमत म्हणून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं ते खरं धरलं. मी सैन्यातला, औषधातला. मी म्हणालो म्हणजे असेलच. गावभर सांगत सुटला, "सुबेदार म्हन्त्यात मला लस झाली." 

आठवडाभरात लीलाबाईंची गाय गाभडली. सातव्या महिन्यातच तिनं मेलेलं वासरू टाकलं, आणि वार आत अडकून राहिली. लीलाबाई म्हणजे आमच्या भावकीतली खमकी बाई, एकटीच्या जिवावर सहा गायी सांभाळते. तिनं राजारामला बोलावलं. त्याच्या पेटीत खांद्यापर्यंतचे हातमोजे असायचे. मोज्यातनं हाताला नीट कळत नाही अशी त्याची जुनी तक्रार, तरी अशा गायीला तो मोजे घालायचाच. त्या दिवशी नाही घातले. "लस झालीया की मला," लीलाबाईंना म्हणाला, आणि उघड्या हातानं वार काढली. अंगठ्यावरची माझी पट्टीसुद्धा त्यानं आधी काढून ठेवली, भिजेल म्हणून.

गाय वाचली. लीलाबाईंना आनंद झाला. त्याच सुमारास राजारामची मुलगी प्रियंका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई प्रथमेश शिरवळला कंपनीत, पाळ्यांची नोकरी, म्हणून पोरीला पाचव्या महिन्यातच आणून सोडलेलं. लीलाबाईंनी सांगितलं, "पोर पोटुशी हाय, आमच्या गायीचं दूध रोज सकाळी न्या." आणि आमच्याकडं एक खुळ आहे. पैलवानाला, भरतीला पळणाऱ्या पोराला आणि पोटुशी बाईला निरसं दूध द्यायचं, उकळलं की त्यातली ताकद जाते म्हणतात. हे खुळ आहे असं राजारामला पदविकेच्या वेळी शिकवलं होतं. दुसऱ्याच्या घरी तो उकळायला सांगायचा. पण आपली पोर, पहिलं बाळंतपण. तिथं तो डॉक्टर राहिला नाही, बाप झाला. तांब्यातलं कोमट, फेसाळ दूध तो स्वतः तिच्या हातात द्यायचा आणि संपेपर्यंत समोर उभा राहायचा.

डिसेंबरात राजाराम तापला. दुपार कलली की थंडी वाजून ताप चढायचा, सकाळी उतरलेला असायचा. अंजना, त्याची बायको, दुकानात येऊन सांगायची, "आवं सुबेदार, अंथरूण पिळावं येवढा घाम येतोय." कंबर धरली, गुडघे धरले. गावातल्या दवाखान्यात टायफॉइड म्हणाले. गोळ्या मी दिल्या. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. पुन्हा टायफॉइड, पुन्हा गोळ्या. दीड महिना हेच. माणूस वाळत चालला. मोटारसायकलवरनं उतरताना कठड्याला धरायला लागला.

मी एकदा म्हणालो, "मिरजंला मोठ्या दवाखान्यात जाऊ."

"टायफॉइड हाय म्हन्त्यात न्हवं," तो म्हणाला. "मग टायफॉइडच असू दे."

मला तेव्हा वाटलं आळस करतोय. आता कळतं. त्याला शंका आली होती. पदविकेच्या पुस्तकात तो रोग त्यानं वाचला होता. संध्याकाळचा ताप, सांधे, घाम, सगळं त्यात होतं. पण जनावराचा रोग माणसाला, तोही राजारामला लागला, हे गावात पसरलं तर? पुन्हा लोक लांबूनच बोलतील. गोठ्याच्या दारात उभं करतील. चहा बाहेर येईल, वेगळ्या कपात. आज्यानं दोन पिढ्या मागं जे सोडलं होतं ते नातवाच्या अंगाला तापाच्या रूपानं परत चिकटेल, या धास्तीनं तो तोंड शिवून बसला होता.

जानेवारीत एके दिवशी अंजना चिठ्ठी घेऊन आली. मी सवयीनं राजारामच्या गोळ्या काढल्या. "त्यांच्या न्हाईत," ती म्हणाली. "प्रियंकाच्या हायत्या. चार दिस झालं, दुपारी थंडी वाजून ताप येतोय. सकाळी काय न्हाई."

माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. बाप आणि लेक, एकच ताप, एकच वेळ. आणि लेकीला सातवा महिना.

मागं बघितलं तर संयोगिता दारात उभी. तिनं बोलायला हवं होतं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त तिच्या फोनवर काहीतरी उघडून माझ्यासमोर धरलं. जिवंत जंतूंची लस. माणसाला टोचली गेली तर आजार होऊ शकतो. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. छत्तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा तोफेचा आवाज ऐकला तेव्हाही मी एवढा भ्यालो नव्हतो.

दुपारच्या आत गाडी करून दोघांना मिरजेला नेलं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मागं प्रियंका आईच्या खांद्यावर डोकं टेकून, आणि राजाराम पुढं माझ्या शेजारी, खिडकीबाहेर बघत.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयानं आमच्या पोरींएवढी. तिनं दोघांना तपासलं, कागद चाळले. मग राजारामला विचारलं, "काका, काम काय करता?"

"शेती," राजाराम म्हणाला.

त्याला गुंठाभर शेती नाही. बाई लिहायला लागली. मला राग आला, इतका की समोर डॉक्टर आहे, पेशंट बसलेत, कशाचंच भान राहिलं नाही.

"खोटं बोलतोय ह्यो!" मी ओरडलो. "गुरांचा डॉक्टर हाय! राजाराम, सांग की रं! पोरगी बसलीया समोर, तिच्या पोटात लेकरू हाय, आता तरी सांग!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग प्रियंकाकडं. मग हळूहळू सगळं सांगितलं. अंगठा, लस, लीलाबाईंची गाय, उघडा हात. आणि शेवटी दूध. प्रियंका त्याच्याकडं बघत राहिली. तिला आत्ताच कळत होतं.

"सुई टोचली त्या दिवशी आला असतात तर तीन आठवड्यांच्या गोळ्यांवर भागलं असतं," बाई म्हणाल्या.

कुठल्या गोळ्या ते त्यांनी सांगितलं. आमच्या दुकानात त्या दुसऱ्या फळीवर असतात. मी पट्टी बांधत होतो तेव्हा माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होत्या.

"आणि माझ्या बाळाला?" प्रियंकानं विचारलं.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, रक्त तपासू, पोटुशीला चालतात ती औषधं लगेच सुरू करू. पण या आजारात मूल पोटातच दगावू शकतं, दिवस भरायच्या आधी येऊ शकतं, म्हणून इथंच राहायचं.

राजाराम खुर्चीवरून उठला आणि भिंतीला टेकला. लीलाबाईंच्या गोठ्यातलं ते वासरू त्यानंच बाहेर ओढलं होतं. बिनकेसाचं, डोळे मिटलेलं. ते आता त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, हे तो नंतर मला म्हणाला.

चार दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले. दोघांनाही तोच आजार. राजारामला तो लसीतनं आला की लीलाबाईंच्या गायीतनं, हे काही कुणी छातीठोक सांगू शकलं नाही. दुधातनं आला तो मात्र प्रियंकाचा, त्यात शंका नव्हती.

राजारामला औषधं देऊन घरी जा म्हणाले होते. तो गेला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहायचा, अंगात ताप असतानाही. दर तासाला आत डोकावायचा. "हाललं का गं?"

"हाललं आप्पा."

"कवा?"

"आत्ताच."

मग बाहेर येऊन मला सांगायचा, "हाललं." मीही जणू मला ठाऊकच नव्हतं असं "व्हय?" म्हणायचो. एके दुपारी प्रियंका म्हणाली, "सकाळपासून न्हाई हाललं." राजाराम तीन ढांगांत तिच्या खाटेपाशी गेला. हजारो गायींच्या कुशीवर हात ठेवून आतलं वासरू ओळखणारा माणूस. त्यानं सवयीनं दोन्ही हात तिच्या पोटाकडं नेले. आणि वीतभर अंतरावर ते थांबले. त्यानं हात मागं घेतले आणि नर्सला हाका मारत बाहेर पळाला.

नर्सनं यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. मी व्हरांड्यात उकिडवा बसून रडलो. माझ्या वयाच्या माणसानं असं रडणं बरं दिसत नाही म्हणून संयोगितानं मला पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली, आडोसा म्हणून.

तीन आठवड्यांनी, आठव्या महिन्यातच, प्रियंका बाळंत झाली. मुलगी. दोन किलोला कमी. बारा दिवस काचेच्या पेटीत होती. तिचं रक्त दोनदा तपासलं, काही नव्हतं. प्रियंकाही बरी झाली. राजारामचा ताप महिन्याभरात गेला, कंबर मात्र अजून धरते. पोरीचं नाव संघमित्रा ठेवलं, घरात मित्रा म्हणतात.

गावाचं म्हणाल तर ज्याला तो भ्याला होता ते घडलंच नाही. दोन-चार शहाण्यांनी कुजबूज केली, नाही असं नाही. पण लीलाबाई स्वतः मिरजेला येऊन गेल्या. गाय तपासून वेगळी बांधली, दूध बंद केलं, आणि प्रियंकाच्या उशाशी बसून ओक्साबोक्शी रडल्या. राजारामचं औषध अजून संपलं नव्हतं तर एक माणूस दुकानात येऊन म्हणतो, "सुबेदार, राजारामला धाडा, म्हस अडलीया." आता राजाराम मोजे, चष्मा, सगळं घालून जातो. लसीकरणाच्या बैठकीत नव्या पोरांना आधी आपला अंगठा दाखवतो. लोक चहा देतात. तो म्हणतो, नको, घाईत हाय. मोटारसायकलवर बसूनच बोलतो.

मी त्याला शंभरदा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनीही समोर बसवून सांगितलं, काका, तुम्ही बरे झालात, नुसतं शिवल्यानं हा रोग माणसातून माणसाला जात नाही. तो मान हलवतो. समजलंय त्याला. पण एकदा माझ्या थट्टेवर विश्वास ठेवून बसलेला माणूस आता खऱ्या बोलण्यावरही ठेवत नाही, आणि मी त्याला कुठल्या तोंडानं रागवू?

मागच्या महिन्यात प्रियंका माहेरपणाला आली होती. मित्रा आता तीन वर्षांची झाली. आजोबाबरोबर दुकानात आली, राजाराम पुढं, ती त्याच्या मागं दोन पावलांवर. दुकानाच्या पायरीवर ती अडखळली आणि तोंडावर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं, पोरीनं टाहो फोडला. राजाराम तिच्या अगदी जवळ होता. वाकला असता तर उचलता आलं असतं.

तो वाकला नाही. दोन्ही हात छातीशी आवळून ओरडला, "सुबेदार! घ्या तिला! आवं घ्या की लवकर!"

मी गल्ल्यावरून धावलो, पोरीला उचललं, ओठ पुसला. संयोगितानं कापूस आणला. मला संताप आला होता. "राजाराम, नात हाय तुजी! घे तिला, खांद्यावर घे, गप होईल," म्हणत मी तिला त्याच्याकडं नेलं.

पोरगी रडायची थांबली. तिनं माझी मान घट्ट धरली आणि मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "आजोबाला शिवायचं न्हाई."

हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. शिकवणारा माझ्यासमोरच उभा होता, हात पाठीमागं धरून, आणि नातीला बरोबर आठवलं म्हणून मान हलवत होता.